मीटिंग ‘ब्रॉट फॉरवर्ड’ झाली म्हणजे आधी की नंतर? इंग्रजी क्रियापदांच्या शेपटाची गोष्ट

समजा, कॅम्पस प्लेसमेंटची मुलाखत बुधवारी आहे. शुक्रवारी संध्याकाळी फोनवर ई-मेल येतो: ‘युअर इंटरव्ह्यू हॅज बीन ब्रॉट फॉरवर्ड बाय टू डेज.’ वाचणारा मुलगा इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. इंग्रजीतून पेपर लिहितो, इंग्रजीतून कोडिंगचे व्हिडिओ पाहतो. तो वाक्य वाचतो आणि सुटकेचा नि:श्वास टाकतो. ‘ब्रॉट’ म्हणजे आणली, ‘फॉरवर्ड’ म्हणजे पुढे. मुलाखत दोन दिवस पुढे गेली, म्हणजे शुक्रवारी. तयारीला आणखी वेळ मिळाला.

मुलाखत प्रत्यक्षात सोमवारी आहे.

या ई-मेलमध्ये एकही अवघड शब्द नाही. ‘ब्रिंग’ पाचवीत शिकवतात, ‘फॉरवर्ड’ तर व्हॉट्सॲपमुळे आजीलाही माहीत आहे. दोन्ही शब्द ओळखीचे, तरी अर्थ उलटा लागला. कारण इथे अर्थ सुट्या शब्दांत नाही, त्यांच्या जोडीत आहे. इंग्रजीत अशा जोड्या हजारोंनी आहेत आणि रोजच्या वापरातलं इंग्रजी, म्हणजे ऑफिसातलं, ॲपवरचं, विमानतळावरचं इंग्रजी, मोठ्या प्रमाणावर त्यांच्यावरच चालतं.

‘पुढे’ म्हणजे नेमकं कुठे?

आधी या ‘फॉरवर्ड’चा निकाल लावू. मराठीत परीक्षा ‘पुढे ढकलली’ की ती उशिरा होते. ‘तारीख पुढे गेली’ म्हटलं की न्यायालयात चकरा मारणाऱ्या कोणालाही कळतं की आता आणखी थांबावं लागणार. आपल्या बोलण्यात ‘पुढे’ म्हणजे भविष्याच्या दिशेला. इंग्रजीत ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणजे ती गोष्ट आपल्याकडे, जवळ आणणं, म्हणजेच आधी घेणं. ‘पुश बॅक’ म्हणजे आपल्यापासून लांब ढकलणं, म्हणजे नंतर घेणं. मराठी डोकं इथे दोन्ही वेळा विरुद्ध दिशेला जातं.

गंमत म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचाही गोंधळ उडतो. लेरा बोरोडिट्स्की आणि मायकल रॅमस्कर या संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना एक साधा प्रश्न विचारला होता: बुधवारची मीटिंग दोन दिवस ‘मूव्ह्ड फॉरवर्ड’ झाली, तर ती आता कधी आहे? काहींनी सोमवार सांगितलं, काहींनी शुक्रवार. विमानतळावर विचारल्यावर तर आणखी मजा झाली. जे नुकतेच प्रवास करून उतरले होते, त्यांचा कल शुक्रवारकडे अधिक होता. स्वतः पुढे सरकत आलेल्या माणसाला मीटिंगही पुढे सरकल्यासारखी वाटते, असा त्याचा अर्थ लावला गेला.

‘ब्रॉट फॉरवर्ड’ला मात्र अशी दोन तोंडं नाहीत. प्रमाण ब्रिटिश वापरात त्याचा अर्थ ‘आधी घेतली’ असाच होतो. म्हणून तो ई-मेल लिहिणाऱ्या एचआरला आपण संदिग्ध लिहिलं, असं वाटतही नाही.

आता ‘प्रीपोन’ आठवा. ‘असा शब्दच नाही’ म्हणून ज्यावर शाळेत लाल शाई फिरते, तो शब्द भारतीय इंग्रजीने ‘पोस्टपोन’च्या जोडीला ठेवला. आज तो ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही आहे. ‘इंटरव्ह्यू प्रीपोन झाला’ म्हटलं की सोमवार की शुक्रवार, हा प्रश्नच उरत नाही. एकाच शब्दात काम होतं आणि शेपूट जोडावं लागत नाही. थट्टा करण्याआधी निदान एवढं श्रेय त्याला द्यायला हवं.

शेपूट बदललं की अर्थ बदलतो

इंग्रजी क्रियापदाला ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’, ‘इन’, ‘डाउन’, ‘ओव्हर’ असा एखादा छोटा शब्द जोडून वेगळा अर्थ तयार होतो, तेव्हा त्याला ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात. हे नाव छापील स्वरूपात आलं ते १९२५ मध्ये, लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या ‘वर्ड्स अँड इडियम्स’ या पुस्तकात. ऑक्सफर्ड शब्दकोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ते सुचवल्याचं स्मिथ यांनीच नोंदवलं आहे. प्रकार मात्र त्याच्या शेकडो वर्षं आधीपासूनचा. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ मध्ये आपला प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोश काढला, तेव्हा प्रस्तावनेत या जोड्यांची वेगळी दखल घेतली होती. परक्या माणसाला इंग्रजीत सर्वांत जास्त अडचण कदाचित याच जोड्यांची येते, अशा आशयाचं त्यांनी लिहिलं. पावणेतीनशे वर्षांनंतर नाशिकच्या किंवा नांदेडच्या विद्यार्थ्याची तक्रार तीच आहे.

‘पुट’ हे क्रियापद घ्या. अर्थ ठेवणे. ‘पुट ऑन’ केलं की कपडे घातले जातात, ‘पुट ऑफ’ केलं की काम लांबणीवर पडतं, ‘पुट आउट’ केलं की आग विझते, ‘पुट थ्रू’ केलं की फोन जोडून दिला जातो आणि ‘पुट अप विथ’ म्हणजे निमूट सहन करणं. यातल्या एकातही कोणी काही उचलून कुठे ठेवत नाही. शब्दकोशात ‘पुट’चा अर्थ पाहून यातलं काहीच हाती लागणार नाही.

नोकरीच्या पत्रव्यवहारात हे शेपूट महाग पडू शकतं. ‘कॉल अप’ म्हणजे फोन करणं, ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द करणं, ‘कॉल फॉर’ म्हणजे मागणी करणं किंवा गरज असणं. ‘वी हॅव कॉल्ड ऑफ द सेकंड राउंड’ हे वाक्य घाईत वाचणाऱ्याला त्यातलं ‘कॉल’ आणि ‘सेकंड राउंड’ एवढंच दिसतं. तो दुसऱ्या फेरीची वाट पाहत बसतो, आणि ती फेरी केव्हाच रद्द झालेली असते. ‘टर्न अप’ म्हणजे हजर होणं आणि ‘टर्न डाउन’ म्हणजे नाकारणं. ‘ही टर्न्ड डाउन द ऑफर’ यात ऑफर हातची गेलेली असते.

‘बोलून टाकलं’ आणि ‘बोलून बसलो’ यांत फरक काय?

इथे बहुतेक क्लासवाले दोनशे फ्रेझल व्हर्बची यादी हातात ठेवतात आणि पाठ करायला सांगतात. मराठी माणसाला हा प्रकार परका आहे, असं त्यांनी गृहीत धरलेलं असतं. तसं ते नाही.

‘बोलणे’ हे एकच क्रियापद घेऊ. मनात साचलेलं एकदाचं ‘बोलून टाकलं’. नको ते ‘बोलून बसलो’. ओघात काहीतरी ‘बोलून गेलो’. नाराजी ‘बोलून दाखवली’. कॅटररशी आधीच ‘बोलून ठेवलं’. साहेबांशी एकदा ‘बोलून घेतलं’. क्रियापद एक, अर्थाच्या छटा सहा. पहिल्यात मोकळं झाल्याची भावना आहे, दुसऱ्यात पश्चात्ताप, तिसऱ्यात नकळतपणा, पाचव्यात पुढची सोय. मराठी घरात वाढलेलं सहा-सात वर्षांचं मूल यात चुकत नाही. ‘मी बशी फोडून ठेवली’ असं ते म्हणत नाही. ‘फुटून गेली’ म्हणतं, आणि अंग काढून घेतं.

शाळेच्या व्याकरणात याला ‘संयुक्त क्रियापद’ म्हणतात: धातुसाधित अधिक सहायक क्रियापद. व्याख्या पाठ करून दोन मार्क मिळवले की आपण ती विसरून जातो. पण इंग्रजीत छोट्या शब्दाचं जे काम आहे, तेच काम इथे दुसरं क्रियापद करतं. ‘खाऊन टाक’ म्हणताना कोणी काही टाकत नाही. ‘ईट अप’ म्हणताना काही वर जात नाही. ‘टाक’ आणि ‘अप’ दोघांनीही आपला मूळ अर्थ सोडून ‘पूर्ण संपव’ एवढीच जबाबदारी घेतली आहे. ‘राइट डाउन’ म्हणजे ‘लिहून घे’. ‘फिनिश ऑफ’ म्हणजे ‘संपवून टाक’. कामाची पद्धत एकच, जागा मात्र वेगळी. इंग्रजीने त्यासाठी दिशा दाखवणारे शब्द वापरले, मराठीने रोजच्या हालचालींची क्रियापदं: टाकणे, बसणे, जाणे, ठेवणे, घेणे, देणे.

दोन्हींचं एकास एक भाषांतर होत नाही, हेही खरं. ‘बोलून बसलो’मधला पश्चात्ताप इंग्रजीत कोणत्याही एका शेपटाने येत नाही. ‘ब्लर्टेड आउट’ जवळ जातं, पण त्यात कपाळावर हात मारणं नाही.

दुसरं उदाहरण ‘लावणे’चं. दिवा लावतात, फोन लावतात, चष्मा लावतात, मुलाला नोकरीला लावतात, जीव लावतात आणि एखाद्या कामाची वाट लावतात. ‘वाट पाहणे’ आणि ‘वाट लावणे’ यांत मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसाची जी अवस्था होते, तीच आपली ‘पुट अप’ आणि ‘पुट अप विथ’मध्ये होते. भाषा कच्ची असण्याचा हा प्रश्न नाही. त्या जोड्या कानावर किती वेळा पडल्या, याचा आहे.

आग ‘विझवायची’ की तिचं ‘निर्वापण’ करायचं?

हे शेपूट इंग्रजीला आलं कुठून? जुन्या इंग्रजीत छोटे शब्द क्रियापदाच्या आधी जोडून येत, आपल्या उपसर्गांसारखे. संस्कृतात ‘हृ’ या एकाच धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार असे सर्वस्वी वेगळे शब्द होतात, तसाच तो मामला. ‘अंडरस्टँड’ आणि ‘विदस्टँड’ हे त्या काळचे अवशेष. खाली उभं राहण्याचा आणि समजण्याचा काय संबंध, असा प्रश्न कधी पडला असेल, तर उत्तर त्या जुन्या व्यवस्थेत आहे. पुढच्या काही शतकांत उपसर्गांची ही पद्धत मागे पडली आणि छोटे शब्द क्रियापदाच्या मागे जाऊन उभे राहिले. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या व्हायकिंग लोकांच्या नॉर्स भाषेतही अशीच रचना होती. तिचा यात किती हात, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण या जोड्यांत सतत दिसणारी ‘टेक’ आणि ‘गेट’ ही क्रियापदं नॉर्समधूनच आली आहेत.

मग १०६६ मध्ये नॉर्मन राजवट आली. दरबार आणि न्यायालयात फ्रेंच शिरली, पाठोपाठ विद्वत्तेची लॅटिन. एकाच कृतीला दोन शब्द झाले. घरात ‘पुट आउट’, कागदावर ‘एक्स्टिंग्विश’. घरात ‘पुट अप विथ’, कागदावर ‘टॉलरेट’. घरात ‘गिव्ह अप’, कागदावर ‘सरेंडर’. आपल्याकडे ‘सुरू करणे’ आणि ‘प्रारंभ करणे’ किंवा ‘विझवणे’ आणि ‘निर्वापण’ यांत जे अंतर आहे, तेच.

आपली अडचण इथे उलटी होते. आपण इंग्रजी शिकलो ते पुस्तकातून, त्यामुळे वरचा थर आधी शिकलो. ‘इन्व्हेस्टिगेट’ कळतं, ‘लुक इंटू’ अडतं. ‘डिस्कव्हर’ येतं, ‘फाइंड आउट’ बोलताना सुचत नाही. जड शब्द सोपे आणि हलके शब्द अवघड, अशी ही विचित्र स्थिती. परदेशी क्लायंटच्या कॉलवर मराठी अभियंत्याचं इंग्रजी शुद्ध असूनही सरकारी परिपत्रकासारखं वाटतं, त्याचं एक कारण हे आहे.

‘लॉग इन’ की ‘लॉगिन’?

ॲपमध्ये दोन्ही दिसतात आणि दोन्ही बरोबर असू शकतात. कृती सांगायची असेल, तर दोन सुटे शब्द: ‘लॉग इन’ करा. नाम असेल, तर एकत्र: तुमचा ‘लॉगिन’. ‘सेट अप’ आणि ‘सेटअप’, ‘बॅक अप’ आणि ‘बॅकअप’, ‘वर्क आउट’ आणि ‘वर्कआउट’ यांचंही तसंच. उच्चारातही फरक पडतो. नामात जोर पहिल्या भागावर येतो, क्रियापदात बहुधा शेपटावर.

आणखी एक नियम. ‘तो’, ‘ती’, ‘ते’ यांसारखं सर्वनाम आलं की ते मध्ये बसतं. ‘टर्न इट ऑफ’ बरोबर, ‘टर्न ऑफ इट’ चूक. पण ‘लुक आफ्टर हर’मध्ये ‘हर’ शेवटीच येतं, कारण ‘लुक आफ्टर’ फुटत नाही. कोणती जोडी फुटते आणि कोणती नाही, हे शेपटाच्या जातीवर ठरतं. चांगल्या शब्दकोशात ते प्रत्येक जोडीसमोर दाखवलेलं असतं.

‘पिक मी ॲट एट’

मराठीत शिरताना या जोड्यांचं काय होतं, हे पाहण्यासारखं आहे. मराठी परकं क्रियापद क्रियापद म्हणून घेत नाही. त्याला नामासारखं वागवते आणि मागे ‘करणे’ किंवा ‘होणे’ लावते. ‘डाउनलोड केलं’ आणि ‘डाउनलोड झालं’, ‘लॉगआउट केलं’ आणि ‘आपोआप लॉगआउट झालं’. केलं की झालं, हा फरक आपण पाळतो आणि इंग्रजी शेपूट मुकाट्याने आत ढकलतो. २०२० मध्ये ‘लॉकडाउन’ असंच घरोघरी पोहोचलं. ‘टाळेबंदी’ वर्तमानपत्रांत राहिली.

पण कधी शेपूट वाटेत गळतं. ‘मला स्टेशनवरून पिक कर’, ‘स्टँडवर ड्रॉप कर’ हे मराठीत खपतं. तेच इंग्रजीत ‘पिक मी ॲट एट’ होतं. परक्या कानाला त्यात ‘आठ वाजता माझी निवड करा’ असं ऐकू येतं. तिथे ‘अप’ हवं. ‘फिल द फॉर्म’मध्येही ‘इन’ किंवा ‘आउट’ राहून जातं. उलट कधी नको तिथे शेपूट फुटतं: ‘डिस्कस अबाउट’, ‘रिटर्न बॅक’, ‘कोप अप विथ’. शेवटच्या उदाहरणाचा उगम ओळखता येतो. ‘कीप अप विथ’ आणि ‘पुट अप विथ’ ऐकून ऐकून ‘कोप’लाही तेच शेपूट लागलं. चूक आहे, पण नमुना ओळखणाऱ्या डोक्याची चूक आहे.

‘रिव्हर्ट बॅक’ची कथा वेगळी. भारतीय ऑफिसात ‘प्लीज रिव्हर्ट’ म्हणजे कृपया उत्तर द्या. सॉफ्टवेअर टीममध्ये ‘रिव्हर्ट’ म्हणजे कोडमधला बदल मागे घेणं. शुक्रवारी संध्याकाळी एखाद्या बदलाखाली ‘प्लीज रिव्हर्ट’ लिहिलं आणि समोर परदेशातला सहकारी असेल, तर उत्तराऐवजी काय येईल, हे आयटीवाल्यांना सांगायला नको.

आणि ‘पास आउट’. आपल्याकडे बायोडेटावर ‘२०१९ पासआउट’ अभिमानाने लिहितात. त्याला आधार आहे. ब्रिटिश लष्करी वापरात प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडण्याला ‘पासिंग आउट’ म्हणतात, आणि खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतली ‘पासिंग आउट परेड’ सर्वांना माहीत आहे. पण अमेरिकी मुलाखतकाराला ‘आय पास्ड आउट इन २०१९’ याचा पहिला अर्थ ‘त्या वर्षी मी बेशुद्ध पडलो’ असाच लागतो. भारतात हा शब्दप्रयोग बदलायची गरज नाही. अर्ज कुठे जातोय, एवढं पाहिलं की झालं.

५८३ जीव आणि एक वाक्य

आतापर्यंतची उदाहरणं हसण्यावारी नेता येतात. पुढचं नाही.

२७ मार्च १९७७. स्पेनच्या कॅनरी बेटांमधल्या टेनेरिफवरचा लोस रोदेओस विमानतळ. शेजारच्या ग्रान कनारिया बेटावरच्या विमानतळावर बॉम्बस्फोट झाल्याने अनेक विमानं इकडे वळवली होती. त्यांत केएलएम आणि पॅन ॲम या कंपन्यांची दोन जम्बो जेट होती. दाट धुकं उतरलं होतं. केएलएमचं विमान धावपट्टीच्या एका टोकाला उभं होतं आणि पॅन ॲमचं विमान त्याच धावपट्टीवरून सरकत येत होतं. धुक्यामुळे दोन्ही विमानं एकमेकांना दिसत नव्हती आणि नियंत्रण मनोऱ्याला यातलं काहीच दिसत नव्हतं.

मनोऱ्याने केएलएमला हवेत गेल्यावर कोणत्या मार्गाने जायचं, याच्या सूचना दिल्या. उड्डाणाची परवानगी अजून दिली नव्हती. पण त्या सूचनांमध्ये ‘टेक-ऑफ’ हा शब्द होता. केएलएमच्या सहवैमानिकाने सूचना परत म्हणून दाखवल्या आणि शेवटी जोडलं: ‘वी आर नाऊ ॲट टेक-ऑफ.’ तोवर विमान धावू लागलं होतं.

नियंत्रकाने याचा अर्थ लावला: विमान उड्डाणाच्या जागी उभं आहे. ‘ओके’ म्हणून त्याने थांबायला सांगितलं. नेमक्या त्याच क्षणी पॅन ॲमनेही रेडिओवर आपण अजून धावपट्टीवर असल्याचं सांगितलं. दोन संदेश एकमेकांवर आदळले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये ‘ओके’नंतर शिट्टीसारखा आवाज तेवढा नीट पोहोचला. काही सेकंदांत टक्कर झाली. ५८३ माणसं मेली. केएलएमच्या विमानातलं कोणीही वाचलं नाही. पॅन ॲमच्या विमानातले ६१ जण वाचले.

अपघाताला अनेक कारणं होती: धुकं, घाई, गर्दी, रेडिओची मर्यादा, कॅप्टनचा दबदबा. पण ‘ॲट टेक-ऑफ’ या विचित्र रचनेचं एक स्पष्टीकरण भाषेतून दिलं गेलं आहे. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ स्टीव्हन कुशिंग यांनी ‘फेटल वर्ड्स’ या १९९४ च्या पुस्तकात त्याची चर्चा केली. डच भाषेत एखादी क्रिया चालू आहे, हे सांगताना क्रियापदाआधी ‘आन हेट’ लावतात. त्यातल्या ‘आन’ला इंग्रजीत जवळचा शब्द ‘ॲट’. थकलेल्या, ताणाखालच्या सहवैमानिकाच्या तोंडून शब्द इंग्रजी आले, पण सांगाडा डच राहिला. त्याला म्हणायचं होतं ‘उड्डाण चालू आहे’. ऐकणाऱ्याला कळलं ‘उड्डाणाच्या ठिकाणी आहे’. नियंत्रकाची मातृभाषा स्पॅनिश होती. दोघेही इंग्रजी बोलत होते आणि दोघांचंही घर दुसऱ्या भाषेत होतं.

मराठी माणसाने इथे क्षणभर स्वतःकडे पाहावं. ‘निघालोच’ असं आपण अंघोळीला जाता जाता फोनवर सांगतो. ‘आलोच’ हे रूप भूतकाळाचं, पण येणं भविष्यातलं. ‘मी निघतोय’ म्हणजे चपला घातल्या आहेत की अजून चहा व्हायचा आहे, हे फक्त घरच्यांनाच ठाऊक असतं. गप्पांत हे चालतं, कारण ऐकणाऱ्यालाही तीच सवय असते. सवय सामायिक नसेल, तर काय होतं, ते त्या धावपट्टीवर दिसलं.

या अपघातानंतर विमान वाहतुकीच्या संवादाचे नियम कडक झाले. ‘टेक-ऑफ’ हा शब्द आता फक्त उड्डाणाची परवानगी देताना, ती परत म्हणून दाखवताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा. बाकी सगळीकडे ‘डिपार्चर’. नुसतं ‘ओके’ पुरत नाही, महत्त्वाची सूचना पूर्ण परत म्हणावी लागते. मुंबईच्या नियंत्रण कक्षातला संवादही याच आंतरराष्ट्रीय चौकटीत चालतो.

‘ऑप्ट आउट’चं बटण

विमान चालवणारे थोडे. फोन मात्र सगळ्यांकडे आहे आणि त्यावरचं एक शेपूट थेट खिशाला हात घालतं.

‘ऑप्ट इन’ म्हणजे आपण होऊन सामील होणं. ‘ऑप्ट आउट’ म्हणजे आधीच सामील करून घेतलेल्यातून बाहेर पडणं. ‘यू विल बी चार्ज्ड अनलेस यू ऑप्ट आउट’ या वाक्यात काहीच न करणाऱ्याचे पैसे कापले जातात. फुकट ट्रायल घेतलेल्या अनेकांना हे वाक्य महिन्याने कळतं, बँकेच्या मेसेजमधून. ‘रिन्यू’ आणि ‘कॅन्सल’ कळण्याइतकं इंग्रजी असलेला माणूसही ‘अनलेस’ आणि ‘आउट’ या दोन नकारांच्या गाठीत अडकतो.

ही गाठ कधी कधी मुद्दाम मारलेली असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘डार्क पॅटर्न’विरोधी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यांत फसव्या रचनेचे १३ प्रकार दिले आहेत. त्यांतला एक ‘ट्रिक क्वेश्चन’, म्हणजे ग्राहकाची दिशाभूल होईल अशी मुद्दाम गोंधळाची किंवा उलटसुलट भाषा. त्याच वर्षीच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती स्पष्ट कृतीतून दिलेली हवी, असं म्हटलं आहे. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्यायही त्यात दिला आहे. त्या २२ भाषांत मराठी आहे. ‘ऑप्ट आउट’ऐवजी ‘मला हे नको’ असं बटण छापायला फारशी जागा लागत नाही.

मग रोजच्या वापरात काय करायचं?

दोनशे जोड्यांची यादी पाठ करण्यापेक्षा शेपटांचा स्वभाव ओळखणं सोपं पडतं. ‘अप’ अनेकदा ‘पुरतं संपेपर्यंत’ असं सुचवतं: ‘यूज अप’, ‘फिल अप’, ‘क्लीन अप’. ‘ऑफ’मध्ये तुटणं, बंद पडणं आहे: ‘कट ऑफ’, ‘स्विच ऑफ’, ‘कॉल ऑफ’. ‘आउट’ कधी उघड्यावर आणतं, जसं ‘फाइंड आउट’, तर कधी संपवतं, जसं ‘रन आउट’, आणि इथे क्रिकेटचा रनआउट नाही. हे ठोकताळे दहापैकी दहा वेळा लागू पडत नाहीत. ‘गिव्ह अप’मध्ये काही पुरतं दिलं जात नाही, सोडलं जातं. तरी अंदाजाला दिशा मिळते. नवीन जोडी भेटली की शब्दकोशात पहिल्या शब्दाच्या अर्थाजवळ थांबू नये, त्याच नोंदीत खाली जावं. जोड्या तिथे वेगळ्या दिलेल्या असतात.

तारीख, पैसे आणि संमती या तीन ठिकाणी मात्र अंदाजावर राहू नये. वैमानिक सूचना परत म्हणून दाखवतात, तसंच ई-मेललाही करता येतं. त्या मुलाने शुक्रवारी संध्याकाळीच एक ओळ लिहायची होती: ‘सो द इंटरव्ह्यू इज नाऊ ऑन मंडे, टेन ए.एम. इज दॅट करेक्ट?’ ‘मंडे’च्या जागी चुकून ‘फ्रायडे’ लिहिलं असतं, तरी एचआरकडून रविवारच्या आत दुरुस्ती आली असती.